बांगाई कार्डिनलची पिल्लं घरच्या टँकमध्ये कशी काढायची: जोडी जमण्यापासून पिल्लं हाताशी येईपर्यंत

समुद्री मासे घरात पाळता येतात हे आता बऱ्याच जणांना माहितीये, पण त्यांची पिल्लं घरात काढायची म्हटलं की भलेभले हात टेकतात आणि ते साहजिकच आहे, कारण बहुतेक समुद्री माशांची पिल्लं अंड्यातून निघतात तेव्हा डोळ्याला जेमतेम दिसतात, पाण्यावर नुसती तरंगत राहतात आणि त्यांना पहिल्या दिवसापासून जे सूक्ष्म खाद्य लागतं ते वाढवणं हाच एक वेगळा उद्योग होऊन बसतो. बांगाई कार्डिनलचं तसं नाही. याची पिल्लं बाहेर येतात तीच आईबापाची छोटी प्रत असतात, पट्टे ठिपके सगळं जागच्या जागी, आणि पहिल्याच दिवशी नुकताच फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) खातात. म्हणून समुद्री माशांचं ब्रीडिंग पहिल्यांदा करणाऱ्याला मी नेहमी याच माशापासून सुरुवात करायला सांगते.

फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून ठेवा. या माशात अंडी सांभाळतो नर, तेही तोंडात धरून, जवळजवळ महिनाभर उपाशी राहून. त्यामुळे तुमचं निम्मं काम पिल्लांचं नसून त्या नराचं आहे, त्याला आधी खाऊ घालणं, मधे त्रास न देणं आणि नंतर परत धडधाकट करणं. लोकांचे प्रयत्न फसतात ते बहुतेक इथेच.

आधी मासा समजून घ्या

इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाची बेटं आहेत, हा मासा मूळचा फक्त तिथला. १९२० मध्ये वॉल्टर काउडर्न या स्वीडिश संशोधकाने तो गोळा केला, १९३३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि काउडर्नवरूनच त्याला प्टेरापोगॉन काउडर्नी हे नाव मिळालं. पुढे कित्येक वर्षं त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही, नव्वदच्या दशकात माशांचे अभ्यासक जेराल्ड ॲलन यांनी तो तिथे परत पाहिला, फोटो बाहेर आले आणि मग हौशी लोकांसाठी त्याची धडाधड पकड सुरू झाली. २००७ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत टाकलं.

एवढ्या लवकर ही वेळ का आली याचं उत्तर त्याच्या प्रजननातच आहे. इतर माशांची तरंगती पिल्लं प्रवाहाबरोबर दूर दूर जातात आणि नवीन खडकांवर वस्ती करतात, हा मासा मात्र बापाच्या तोंडातून बाहेर पडतो तिथेच आयुष्य काढतो. त्यामुळे एका बेटावरचे मासे संपले तर शेजारच्या बेटावरून सहज कुणी येत नाही. जनुकांच्या तपासणीतही जवळजवळच्या बेटांवरचे गट एकमेकांपासून वेगळे निघालेत. शिवाय एका वेळेला अंडी असतात काही डझन, हजारो नाही. म्हणजे घरात ब्रीडिंगला सोपा करणारा जो गुण, तोच समुद्रात त्याला नाजूक करतो, आणि म्हणूनच घरी काढलेल्या प्रत्येक पिल्लाची मला किंमत वाटते.

आकार म्हणाल तर पूर्ण वाढलेला मासा साधारण ८ सेंमी. चंदेरी अंग, तीन काळे उभे पट्टे, त्यावर पांढरे ठिपके, लांब पर आणि खोल कापलेली शेपटी. समुद्रात तो उथळ शांत पाण्यात राहतो, लांब काळ्या काट्यांच्या सी अर्चिनच्या (समुद्रतळावरच्या गोलसर काटेरी जीवाच्या) आसपास, आणि धोका वाटला की सरळ काट्यांमध्ये शिरतो. पिल्लं तर काट्यांमध्येच राहतात, नाहीतर ॲनिमोनमध्ये, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवामध्ये. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मासे कुठले घ्यायचे

शक्य असेल तर टँकमध्येच जन्मलेले घ्या. समुद्रातून पकडून आणलेल्या बांगाईंमध्ये एक इरिडोव्हायरस येतो, त्यात मासा सुस्त पडतो, रंग काळवंडतो, खाणं सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो आणि मरतो, आणि त्यावर औषध नाही. घरी जन्मलेला मासा बंद पाण्याला सरावलेला असतो आणि फ्रोझन खाणं लगेच घेतो. विकणाऱ्याला विचारायला लाजू नका, मासे कुठून आले, किती दिवस झाले, काय खातायत. आणि खाताना डोळ्यासमोर दाखवायला सांगा. पोट आत गेलेला आणि डोक्यामागचा भाग खपाटीला गेलेला मासा घेऊ नका, कितीही दया आली तरी.

घरी आणल्यावर निदान महिनाभर वेगळ्या टँकमध्ये क्वारंटाइन. इथे घाई करून मुख्य टँकमध्ये आजार नेलात तर पुढचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

नर कुठला, मादी कुठली

नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. वरचा पर लांब तो नर, अमका कोन असा ती मादी, अशा बऱ्याच खुणा लोक सांगतात पण त्या प्रत्येक माशात लागू पडत नाहीत. नराचा खालचा जबडा जरा रुंद, चौकोनी वाटतो कारण आत अंड्यांसाठी जागा हवी, पण हेसुद्धा मोठ्या झालेल्या नरात, आणि शेजारी मादी उभी असेल तरच तुलना करता येते. अंड्यांनी भरलेली मादी पोटाकडून गोल दिसते, तेवढीच खात्रीची खूण.

त्यामुळे जमवायचा मार्ग एकच, पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवा आणि त्यांना ठरवू द्या. ९ ते १२ महिन्यांत ते वयात येतात आणि मग एके दिवशी दिसतं की दोघं जण बाकीच्यांपासून वेगळे होऊन टँकचा एक कोपरा धरून बसलेत, एकमेकांना अगदी खेटून, आणि दुसरा कुणी जवळ आला की दोघांतला एक त्याच्या अंगावर धावून जातो. जोडी जमली.

आता हे नीट वाचा. ज्या दिवशी जोडी दिसेल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बाकीचे मासे बाहेर काढायचे. दुकानात शांतपणे घोळक्यात उभा राहणारा हा मासा जोडी जमल्यावर इतरांना कोपऱ्यात गाठून पर फाडून मारतो आणि ते रात्रीतून होतं, सकाळी लाइट लावला की एक मासा वरच्या कोपऱ्यात पंपाला चिकटलेला आणि पर चिंध्या झालेले. रिकामा टँक आधीच तयार ठेवा.

जोडीचा टँक

साधारण १०० लिटरचा टँक एका जोडीला पुरेसा आहे आणि त्यात दुसरा मासा नको, नुसती ती जोडी. तापमान २५-२६ डिग्री सेल्सिअस, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२४ च्या आसपास, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी विषं) शून्य. यात जादू काही नाही, जादू आहे ती स्थिरतेत, आज २४ उद्या २८ असं होऊ देऊ नका. पाण्याचा जोर कमी ठेवा, हा शांत खाडीतला मासा आहे, दिवसभर प्रवाहाशी झुंजायला लावलात तर खाल्लेलं सगळं त्यातच जातं. लाइट मंद. टँक जिन्यापाशी, दारापाशी, टीव्हीच्या बाजूला नको, कारण तोंडात अंडी असलेला नर दचकला की अंडी गिळतो किंवा थुंकतो, आणि त्याला दचकवायला दार आपटल्याचा आवाज पुरतो. मागची आणि एक बाजूची काच बाहेरून काळ्या कागदाने झाका, तेवढ्यानेसुद्धा फरक पडतो.

लपायला एक जागा द्या, एखादा लांब काट्यांचा अर्चिन किंवा त्याची नक्कल (ती कशी करायची ते पुढे सांगते).

दोन महिने नुसतं खाऊ घाला

इथे लोक कंटाळतात, आणि नेमकं हेच वगळतात. मादीच्या प्रत्येक अंड्यात पिवळ्या बलकाचा मोठा साठा असतो कारण पिल्लाला जवळपास महिनाभर त्यावरच काढायचा आहे, अंडं साधारण ३ मिलीमीटरचं, समुद्री माशांच्या मानाने प्रचंड. एवढा माल मादीच्या खाण्यातूनच यायचा. आणि नराला पुढे महिनाभर उपास आहे, त्याची शिदोरीही आत्ताच बांधायची.

दिवसातून तीनदा थोडं थोडं. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव) हे मुख्य जेवण, जोडीला बारीक चिरलेली कोळंबी, माशांची अंडी, आणि मिळालं तर जिवंत खाद्य, जिवंत काही हललं की हे मासे अक्षरशः वेगळेच होतात. फ्रोझन खाद्य वितळवून, पाणी गाळून, त्यावर डीएचए (एक ओमेगा-३ फॅटी ॲसिड) असलेलं तेलकट सप्लिमेंट दोन थेंब टाकून दहा मिनिटं मुरवा आणि मग द्या. पेलेट खायला शिकले तर उत्तम, पण नुसत्या पेलेटवर ठेवू नका.

निक्लास कोल्म या स्वीडिश संशोधकाने याच माशावर काम केलंय आणि त्यात दिसलं की मादीला मोठा नर मिळाला तर ती मोठी अंडी घालते. म्हणजे मादी नराकडे बघून ठरवते की याच्यात किती गुंतवायचं. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे, नराला खाऊ घालणं हे अंड्यांनाच खाऊ घालणं आहे.

प्रणय ओळखायचा कसा

बहुतेक माशांत नर मादीच्या मागे लागतो. इथे उलटं, पुढाकार बऱ्याचदा मादीचा. ती नराच्या बाजूला येते, अंगाला अंग लावून उभी राहते आणि अख्खं शरीर थरथरवते, एक-दोन सेकंद, मग थांबते, मग परत. लांबून बघितलं तर वाटतं माशाला थंडी वाजतेय. नर कधी कधी जांभई दिल्यासारखा तोंड मोठ्ठं उघडतो आणि मिटतो. हे तासभर चालतं, कधी दोन-तीन दिवस चालतं. त्या काळात मादी त्या कोपऱ्याची राखणही करते, काचेवर बोट ठेवलं तरी बोटावर धावून येते.

प्रत्यक्ष अंडी देणं मात्र काही सेकंदांचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा थंड झाला होता कारण दोन तास तिथेच बसले होते, आणि तरीही डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं. मादीच्या पोटाखालून नारिंगी गोळा बाहेर आला, सगळी अंडी बारीक धाग्यांनी एकमेकांना अडकलेली, घोसासारखी, नर बाजूला चिकटलेलाच होता, तो गर्रकन वळला आणि आख्खा घोस एका घासात तोंडात. चार-पाच अंडी निसटून वाळूवर पडली, ती परत उचलायला कुणीच गेलं नाही. फलन याच घाईत होतं. नंतर नर पाच-दहा मिनिटं तोंड सारखं उघडत मिटत राहिला, घोस आत नीट बसेपर्यंत.

तुम्हाला हे बघायला मिळेलच असं नाही, बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कळतं. खूण अशी: नर जेवायला येत नाही, किंवा येतो, खाद्याकडे बघतो आणि तोंड न उघडता मागे फिरतो. हनुवटीखाली पिशवी भरल्यासारखी दिसते, जबडा मिटलेला पण पूर्ण नाही, एक बारीक फट राहिलेली. बाजूने टॉर्चचा मंद उजेड टाकला तर गळ्याच्या पातळ कातडीतून नारिंगी दाणे दिसतात. एकदाच बघा आणि टॉर्च बंद करा.

तारीख लिहून ठेवा. कॅलेंडरवर, भिंतीवर, कुठेही, पण लिहा. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं.

महिनाभर हात मागे बांधून बसायचं

२६ डिग्रीला साधारण २० दिवसांत अंडी तोंडातच फुटतात आणि पिल्लं आणखी ८-१० दिवस तोंडातच राहून बलक संपवतात. म्हणजे सगळं मिळून जवळजवळ महिना, पाणी थंड असेल तर जास्त. दिवसातून अनेकदा नर तोंड अर्धवट उघडून अंड्यांचा गोळा आतल्या आत फिरवताना दिसेल, प्रत्येक अंड्याला ताजं पाणी मिळावं म्हणून. सुरुवातीला दाणे नारिंगी दिसतात, मग हळूहळू आत डोळे तयार होतात आणि फटीतून चमकणारे चंदेरी ठिपके दिसायला लागतात. ते दिसले की समजा अंडी जिवंत आहेत.

या महिन्यात टँकमध्ये दगड हलवणं, मोठं पाणी बदलणं, नवीन मासा आणणं, फोटोसाठी फ्लॅश मारणं, सगळं बंद. मादीला नेहमीसारखं खायला द्या, पण तिच्या बाजूला, नराच्या तोंडासमोर नाही. कारण एखाद्या उपाशी नराला समोर मायसिस नाचताना बघून राहवत नाही, तो तोंड उघडतो आणि अंडी जातात.

पहिल्या दोन-तीन वेळेला तरुण नर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडी गिळून टाकतो आणि निवांत जेवायला येतो. हे अगदी नेहमीचं आहे. जोडी वाईट नाही, नर शिकतोय. नर बदलायचा विचार करू नका, त्याला परत खाऊ घाला, पुढच्या महिन्यात तीच जोडी परत प्रयत्न करेल. चार-पाच वेळा तसंच झालं तर मग कारण शोधा, आणि ते बहुतेक वेळा उपासमार किंवा वर्दळ असतं.

नर हलवायचा का, आणि कसा

दोन मार्ग आहेत. एक, नराला तिथेच ठेवायचं, तो पिल्लं सोडेल तेव्हा पिल्लं गोळा करायची. दुसरा, शेवटच्या आठवड्यात नराला वेगळ्या छोट्या टँकमध्ये न्यायचं, तिथे तो पिल्लं सोडेल आणि मग नराला परत न्यायचं. आईबाप दोघंही पिल्लं खातात, एकदा तोंडातून बाहेर पडलं की बापाची जबाबदारी संपली, त्यामुळे पहिल्या मार्गात सकाळी उठेपर्यंत पाच उरतात. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, पण तो नीट केला तरच.

माझी चूक सांगते म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. १८ व्या दिवशी, भर दुपारी, जाळीने नर पकडायला गेले. तो दोनदा निसटला, तिसऱ्यांदा जाळीत आला आणि आल्या आल्या सगळा घोस थुंकला, डोळे तयार झालेली चाळीसएक पिल्लं अंड्यांच्या कवचात वळवळत वाळूवर, आणि मी जाळी टाकून वाटी शोधेपर्यंत मादीने निम्मी खाल्ली होती. उरलेली पण जगली नाहीत. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

तर पद्धत अशी. २२-२३ वा दिवस उलटू द्या. रात्री, लाइट बंद होऊन दोन तास झाल्यावर, लाल उजेडाचा छोटा टॉर्च घ्या, मासा झोपेत एका जागी तरंगत असतो. पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा बुडवून हळूहळू त्याच्याकडे न्या आणि दुसऱ्या हाताने, स्पर्श न करता, त्याला आत वळवा. जाळी नाही. आणि पाण्याबाहेर एक सेकंदही नाही, डबा पाण्यासकट उचलायचा, नवीन टँकमध्ये पाण्यासकट बुडवायचा. नवीन टँकचं पाणी त्याच मुख्य टँकमधून घेतलेलं, तापमान खारटपणा तोच. घाई वाटली तर त्या रात्री सोडून द्या, दुसऱ्या रात्री करा.

आणि इतकं करूनही त्याने थुंकलंच, तर पिल्लं फुटलेली आहेत का बघा. फुटलेली, पोटाला बलक असलेली पिल्लं जाळीदार ब्रीडर बॉक्समध्ये अगदी मंद बुडबुड्यांवर ठेवली तर त्यातली काही वाचतात. न फुटलेला घोस वाचवणं फार अवघड, त्याला सतत हळू फिरवत ठेवणारं यंत्र लागतं.

पिल्लांचा टँक आणि नकली अर्चिन

२० ते ४० लिटरचा टँक, तळ मोकळा, वाळू नाही. स्पंज फिल्टर, तो आधी महिनाभर मुख्य टँकमध्ये मुरवलेला म्हणजे त्यात घाण पचवणारे बॅक्टेरिया असतात. हीटर, आणि रात्रभर चालेल असा एक अगदी बारीक लाइट.

नकली अर्चिन घरी करा, सोपा आहे. मत्स्यालयात चालणारी इपॉक्सी पुट्टी घ्या, लिंबाएवढा गोळा करा, ओला असतानाच त्यात २०-२५ काळे केबल टाय सगळ्या बाजूंनी टोचा, वाळल्यावर १० सेंमीवर कापा, दोन-तीन दिवस खाऱ्या पाण्यात बुडवून पाणी बदलत राहा आणि मग टँकमध्ये ठेवा. दिसायला कळकट दिसतो पण पिल्लं तासाभरात त्याच्या काट्यांमध्ये शिरतात, सगळी एका दिशेला तोंड करून. अर्चिन हलवाल तिथे सगळा घोळका पाठोपाठ जातो, त्यामुळे पाणी बदलताना त्यांना एका बाजूला घ्यायचीही सोय होते.

नर एका रात्रीत सगळी पिल्लं सोडतोच असं नाही, दोन रात्री लागू शकतात. गळ्याची पिशवी रिकामी दिसली आणि तो खायला तोंड उघडायला लागला की लगेच त्याला बाहेर काढा.

आर्टेमिया, आणि त्यातला धोका

बाहेर आलेलं पिल्लू असतं ६ ते ८ मिलीमीटर, नुकताच फुटलेला आर्टेमिया त्याच्या तोंडात मावतो. एक लिटर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ, तापमान २६-२८, उलटी बाटली, तळातून जोरात हवा, वरून उजेड, त्यात आर्टेमियाची अंडी टाका, १८ ते २४ तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, कवचं वर येतात, जिवंत आर्टेमिया नारिंगी ढगासारखा खाली बसतो, तो नळीने काढून बारीक गाळणीत धुवा आणि द्या. कवचं पिल्लांच्या पोटात जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत.

आता धोका. पिल्लं छान खातायत, पोटं नारिंगी गच्च, सगळं मस्त चाललंय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी तुम्ही लाइट लावता आणि पाच-सहा पिल्लं गर्रकन फिरून ताठ होतात आणि तळाला पडतात. काहीही आजार नसतो. आर्टेमियामध्ये डीएचए हे फॅटी ॲसिड जवळजवळ नसतंच, आणि ते न मिळालेली पिल्लं नुसत्या दचकण्याने मरतात. पोट भरलेलं असतं पण शरीर उपाशी.

उपाय दोन. एक म्हणजे एनरिचमेंट. फुटल्या फुटल्या आर्टेमियाला तोंडच उघडलेलं नसतं, ८-१२ तासांनी कात टाकल्यावर तो खायला लागतो, तेव्हा त्याच्या पाण्यात डीएचएचं इमल्शन टाकून १२ तास ठेवायचं, मग धुऊन पिल्लांना द्यायचं. म्हणजे तुमच्या दोन बाटल्या कायम चालू, एकात आर्टेमिया फुटतोय, एकात खातोय. पहिले दोन दिवस साधा ताजा चालेल, तिसऱ्या दिवसापासून एनरिच केलेलाच. दुसरा उपाय तो बारीक रात्रीचा लाइट, पिल्लं कधीच पूर्ण अंधारातून एकदम झगझगीत उजेडात येऊ नयेत. आधी खोलीतला दिवा, दहा मिनिटांनी टँकचा.

दिवसातून तीन-चार वेळा द्या, अर्ध्या तासात संपेल एवढंच. उरलेला आर्टेमिया स्वतःचं सगळं सत्त्व वापरून टाकतो आणि मग तो खाऊन काही मिळत नाही, वर अमोनिया वाढतो तो वेगळाच. रोज तळातली घाण बारीक नळीने ओढा आणि दहा टक्के पाणी बदला, नवीन पाणी थेंब थेंब सोडा. पहिला महिना अमोनियाची टेस्ट रोज.

महिना-सव्वा महिन्याने फ्रोझन सायक्लॉप्स (आणखी एक बारीक जलजीव) आणि मायसिसचा अगदी बारीक चुरा मिसळायला लागा, आधी जिवंत आणि फ्रोझन एकत्र, मग हळूहळू जिवंत कमी. काही पिल्लं दोन दिवसांत शिकतात, काही हट्टी असतात, त्यांच्यासाठी जिवंत चालू ठेवा, चार दिवस जास्त गेले तर काही बिघडत नाही. तीन-साडेतीन महिन्यांत अडीच-तीन सेंमीची होतात. अनुभवी जोडीकडून एका वेळेला ४० च्या आसपास पिल्लं मिळू शकतात, पहिल्या वेळेला दहा-बारा मोठी झाली तरी ते चांगलं समजा.

नराला सुट्टी द्या

नर परत गेला की मादी काही दिवसांतच पुन्हा थरथरायला लागते, ती महिनाभर खाऊन तयार असते. आणि तो नाही म्हणत नाही. अशा तीन फेऱ्या लागोपाठ झाल्या की नराचं पोट पाठीला लागतं, डोक्यामागे खळगा पडतो, आणि मग तो अंडी गिळायला लागतो किंवा सरळ मरतो. लोकांना वाटतं कुठला तरी आजार झाला.

म्हणून पिल्लं सोडल्यावर नराला निदान तीन-चार आठवडे मादीपासून वेगळं ठेवा, त्याच टँकमध्ये मधे भोकांची पारदर्शक पार्टिशन घातली तरी चालतं, एकमेकांना बघत राहतात म्हणजे ओळखही टिकते. पहिले दोन दिवस अगदी थोडं खायला, मग वाढवत दिवसातून चार वेळा. वरून बघितल्यावर डोकं आणि अंग एका रेषेत भरलेलं दिसलं की पार्टिशन काढा, आणि काढल्यावर तासभर समोर बसा. कधी कधी मादी ओळख विसरल्यासारखी अंगावर जाते, तसं झालं तर परत दोन दिवस पार्टिशन.

पिल्लं ज्यांना द्याल त्यांना सगळी भावंडं जोडीसाठी देऊ नका, दुसऱ्या कुणाकडच्या पिल्लांशी अदलाबदल करा म्हणजे एकाच रक्तातल्या जोड्या जमत नाहीत. आणि जास्त झाली म्हणून समुद्रात कधीच सोडू नका, सुलावेसीच्याच उत्तर टोकाला लेंबे सामुद्रधुनीत माशांच्या व्यापारातून हा मासा पोचला आणि तिथल्या अर्चिन-ॲनिमोनमध्ये, जिथे तो मूळचा कधीच नव्हता, तिथे पसरला. देताना सोबत एक नकली अर्चिन आणि ते काय खातायत याची चिठ्ठी द्या, नवीन टँकमध्ये पहिल्या रात्री त्यांना शिरायला ओळखीचे काटे असले की सकाळी जेवायला येतात.